हात लावायचा हक्क

मंडळी, माण तालुक्यातल्या ज्या शाळेत मी शिकलो, तिथं विज्ञानाचं एक कपाट होतं. काचेच्या दाराचं. आत एक तराजू, एक नालाकृती लोहचुंबक, दोन-तीन भिंगं, एक तापमापक आणि तडा गेलेलं एक चंचुपात्र. कपाटाला कुलूप, आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी कपाट उघडायचं, धूळ झटकली जायची आणि साहेबांची जीप वळणावर दिसेनाशी झाली की पुन्हा कुलूप. दाराला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'उपकरणांना हात लावू नये'.

मेंढपाळाच्या घरातला मुलगा मी. लोहचुंबक लोखंडाला ओढतो हे मी पाठ करून परीक्षेत लिहिलं, मार्कही मिळाले. पण चुंबक हातात धरल्यावर खिळा कसा 'खट्' करून येऊन चिकटतो, हे मला कळलं ते कॉलेजात गेल्यावर. पुढं पस्तीस वर्षं मी पदार्थविज्ञान शिकवलं. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. पण तो कागद डोळ्यांपुढून जात नाही.

पदार्थविज्ञानाच्या संशोधनात बायका इतक्या कमी का? खेड्यातली, दलित-आदिवासी-भटक्या समाजातली मुलं इतकी कमी का? हे प्रश्न आता जगभर विचारले जातात. त्यावर परिषदा होतात, समित्या बसतात. मला मात्र वाटतं की या प्रश्नाचा इतिहास समजून घ्यायला फार लांब जायला नको. सातारा आणि सांगली एवढ्या टापूत फिरलं, तरी त्यातलं बरंच काही हाती लागतं.

साताऱ्यातच सुरुवात करू. राजवाड्यापाशी आज जे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखलं जातं, त्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेतल्या त्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वर्गात ते एका कोपऱ्यात, गोणपाटाच्या तुकड्यावर बसत. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे. म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली की बाकीची मुलं मास्तरांना विचारून नळावर जात. या मुलाला मास्तरांची परवानगी पुरत नसे. नळाला त्यानं हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई जागेवर नसला, तर त्या दिवशी तहानेलं राहायचं.

पुढं मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमधली एक हकीगत त्यांच्या चरित्रांत येते. मास्तरांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं. फळ्यामागं मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. मुलगा फळ्यापाशी पोचायच्या आत वर्गात एकच गलका झाला आणि मुलांनी धावत जाऊन आपापले डबे उचलले. मग गणित सुटलं.

विज्ञानाचा शिक्षक म्हणून या प्रसंगांकडं मी पाहतो तेव्हा माझ्या मनात एक साधी गोष्ट येते. इतिहास कानानं शिकता येतो, भाषाही बऱ्याच अंशी कानानं शिकता येते. कोपऱ्यात गोणपाटावर बसूनसुद्धा एखादा तल्लख मुलगा ते शिकेल, शिकलाच. पण पदार्थविज्ञान नुसत्या कानानं येत नाही. तिथं तराजूचं पारडं हातानं तोलावं लागतं, स्क्रू हातानं फिरवावा लागतो, तार हातानं जोडावी लागते. ज्याला नळाला हात लावायची मुभा नाही, त्याच्यापर्यंत प्रयोगशाळा पोचणार कशी? शिवाशिवीचा सगळ्यांत खोल घाव जर कुठल्या विद्येवर बसला असेल, तर तो हातानं करायच्या विद्येवर. आणि गंमत अशी, की ज्या जातींचे हात पिढ्यान्‌पिढ्या लोखंड, कातडं, माती, लाकूड घडवत होते, त्यांनाच आपण प्रयोगशाळेच्या बाहेर ठेवलं.

आता १९१९ साल घ्या. त्या वर्षी मे महिन्यात सूर्यग्रहणाच्या वेळी इंग्रज खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांचे फोटो काढले आणि सूर्याजवळून येणारा प्रकाश वळतो हे आइन्स्टाइनचं म्हणणं खरं ठरलं. त्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगलीला विलिंग्डन कॉलेज सुरू केलं. आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कराड तालुक्यातल्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. जगाच्या दृष्टीनं पहिली घटना मोठी. आमच्यासारख्यांच्या दृष्टीनं तिसरी.

भाऊरावांचं घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. ओगल्यांच्या कारखान्यातल्या कंदिलांचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडत. नांगर विकता विकता त्यांना दिसत होतं की नांगर धरणाऱ्याचं पोर शाळेत नाही. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. तिथं महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, रामोशी सगळी मुलं एका चुलीवर शिजवत आणि एका पंगतीत जेवत. एकदा कोठारात धान्य उरलं नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातलं, ही गोष्ट आपल्या भागात घरोघर माहीत आहे.

मला त्या पंगतीचं महत्त्व वेगळंच वाटतं. ज्या मुलानं सकाळी दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर एकाच परातीत पीठ मळलंय, तो दुपारी प्रयोगशाळेत त्याच्या हातचा तराजू विटाळला असं म्हणू शकत नाही. शिवाशिव चुलीपाशी मोडली, म्हणून ती टेबलापाशी आली नाही. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, १९५४ साली कराडला सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि १९५८ साली साताऱ्याला विज्ञानाचं स्वतंत्र महाविद्यालय. आज त्याला यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणतात. 'कमवा आणि शिका' हे तिथलं सूत्र. माझ्यासारख्या कितीतरी मुलांनी सकाळी बागेला पाणी घालून, खड्डे खणून, प्रयोगशाळेची भांडी धुऊन फी भागवली. मी भांडी धुणाऱ्यांतला. ब्युरेट आणि पिपेट माझ्या हातात आली ती प्रयोगासाठी नव्हे, धुण्यासाठी. पण हातात आली. धुता धुता काचेची भीती गेली.

शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात सुरू झालं आणि साताऱ्या-सांगलीच्या मुलांना एम.एस्सी. करायला पुण्या-मुंबईपेक्षा जवळचं ठिकाण मिळालं. हे नुसतं अंतराचं काम नव्हतं. घरून आठवड्याला भाकरीचा डबा एस.टी.नं पोचतो की नाही, यावर आमच्या पिढीतली शिक्षणं ठरत.

या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यात मोठा धडा आहे. पदार्थाचा अतिशय पातळ थर, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ, काचेवर चढवायचा आणि त्याचे विजेचे, प्रकाशाचे गुणधर्म तपासायचे, हे संशोधन या विभागानं नावारूपाला आणलं. सौरघट, वायू ओळखणारे संवेदक, वीज साठवणारी साधनं यांत असे थर लागतात. हे थर चढवायची एक रीत म्हणजे निर्वात यंत्र. ते महागडं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यापीठाला प्रत्येक विद्यार्थ्यामागं असं यंत्र कुठून परवडणार? मग इथल्या संशोधकांनी रासायनिक रीतींवर भर दिला. कॅडमियमचा क्षार, थायोयुरिया आणि अमोनिया यांचं द्रावण चंचुपात्रात घ्यायचं, त्यात काचेची पट्टी उभी सोडायची आणि पात्र गरम पाण्यात ठेवायचं. हळूहळू पट्टीवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळाधमक थर बसतो. प्रकाश पडला की हा थर वीज जास्त वाहू देतो. दुसरी रीत तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारायची. तिसरी, पट्टी आलटून पालटून दोन द्रावणांत बुडवायची. प्रा. सी. डी. लोखंडे, प्रा. पी. एस. पाटील यांच्यासारख्या संशोधकांनी या कामाला जगभरच्या नियतकालिकांत जागा मिळवून दिली.

चंचुपात्र, काचेची पट्टी, गरम पाणी. खेड्यातून आलेल्या मुलाला आणि मुलीला पहिल्याच दिवशी हात लावता येईल अशी ही साधनं. या रीतींमुळं ज्यांनी बाहेरगावी, बड्या संस्थेत जाण्याचा विचारही केला नसता, अशा कितीतरी जणांना संशोधनाची वाट मिळाली. दार मोठं करायचं तर विज्ञान पातळ करावं लागतं, असं काही लोक म्हणतात. इथं थर पातळ झाला, विज्ञान झालं नाही.

अर्थात सगळं आलबेल नाही, हेही सांगायला हवं. सगळं पदार्थविज्ञान चंचुपात्रात मावत नाही. कणांचं, ताऱ्यांचं, अतिशीत तापमानांचं संशोधन मोठ्या राष्ट्रीय संस्थांत चालतं आणि तिथल्या प्रवेश परीक्षा इंग्रजीत असतात. त्या परीक्षांची नावंसुद्धा आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांना बी.एस्सी. झाल्यावर कळतात. केंद्रीय शिक्षण संस्थांतल्या अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा २०१९ साली झाला, पण टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या काही संस्था त्यातून वगळल्या गेल्या. गुणवत्तेचा प्रश्न आहे, असं त्याचं कारण दिलं जातं. गुणवत्ता हवीच. पण ज्यानं भांडी धुऊन पदवी मिळवली त्याचे साठ टक्के आणि ज्याच्या घरात प्राध्यापक आहेत त्याचे साठ टक्के हे एकाच तराजूत तोलायचे का, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या माणसानं तरी विचारायला हवा. उपकरणाची शून्य त्रुटी वजा केल्याशिवाय आम्ही कुठलं मोजमाप खरं धरत नाही.

आता बायकांविषयी. मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या सावित्रीबाई फुले याच सातारा जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. जोतिरावांचं मूळ गाव कटगुण, तेही याच जिल्ह्यात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. पण शाळेचं दार उघडलं म्हणून प्रयोगशाळेचं उघडलं नाही.

१९३३ साली कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं उत्तीर्ण झाल्या. विषय रसायन आणि पदार्थविज्ञान. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, १९३० चे नोबेल विजेते. मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला. कमलाबाई हटल्या नाहीत. त्या थेट बंगळूरला गेल्या आणि गांधीजींच्या मार्गानं ठिय्या मांडला. अखेर एक वर्ष परीक्षेवर, अशा अटीनं त्यांना घेतलं. वर्षानंतर रामन यांचं मत बदललं. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्याच कमला सोहोनी.

१९४० साली अॅना मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिऱ्यांच्या वर्णपटांवर त्यांनी कसून काम केलं, प्रबंध लिहिला. पण एम.एस्सी.ची पदवी नाही, या कारणानं त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. पुढं १९४८ पासून त्यांनी पुण्यात हवामान खात्यात काम केलं आणि देशाला लागणारी हवामानाची उपकरणं देशातच बनावीत म्हणून शंभरेक उपकरणांची रेखाटनं पक्की केली. ज्या बाईंनी देशाची उपकरणं घडवली, त्यांनीच एक आठवण सांगितली आहे. प्रयोगशाळेत उपकरण हाताळताना एखाद्या बाईची बारीकशी चूक झाली, तरी काही पुरुष सहकारी लगेच त्याचा गवगवा करत, बायकांना हे जमत नाही म्हणत.

पुण्याच्या रोहिणी गोडबोले कणभौतिकीतल्या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ साली त्या गेल्या. शाळेत सातवीपर्यंत आपल्याला विज्ञानाऐवजी गृहविज्ञान होतं आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी विज्ञान वेगळं शिकावं लागलं, असं त्यांनी सांगितलं होतं. भारतातल्या जवळजवळ शंभर स्त्री शास्त्रज्ञांच्या हकीगती त्यांनी राम रामस्वामी यांच्याबरोबर २००८ साली एका पुस्तकात गोळा केल्या. आपल्या देशात विज्ञानासाठी भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जातो. त्यातल्या भौतिक विज्ञानाच्या विभागात पहिल्यांदा एका स्त्रीचं नाव आलं ते २०१८ साली, अदिती सेन डे यांचं. मधे साठ वर्षं गेली. नोबेलचं तरी काय? मेरी क्यूरींच्या १९०३ पासून २०२५ पर्यंत पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालेल्या स्त्रिया पाच.

हे आकडे ऐकून मी पूर्वी मान हलवायचो आणि दुसऱ्या कामाला लागायचो. यात माझाही हात आहे, हे मला फार उशिरा कळलं.

सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी शिकवत होतो. प्रॅक्टिकलला एका टेबलावर चार मुलं-मुली. उपकरणं कमी, म्हणून गट. बी.एस्सी.च्या वार्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. एका मुलीला स्पेक्ट्रोमीटरचा प्रयोग आला. तिचं जर्नल वर्गात सगळ्यांत नेटकं. अक्षर मोत्यासारखं, आलेख रेखीव. परीक्षक म्हणाले, "बेटा, आधी दुर्बीण लावून घे." ती तशीच उभी राहिली. हात पुढं जाईना. त्यांनी विचारलं, "वर्षभर प्रयोग कुणी केला मग?" ती हळूच म्हणाली, "सर, मी रीडिंग लिहीत होते."

मी त्याच खोलीत उभा होतो. तीन वर्षं ती माझ्यासमोर रीडिंग लिहीत होती. मुलगे स्क्रू फिरवत, मुलगे तारा जोडत, आणि मुली लिहीत. अक्षर चांगलं म्हणून मीच कितीदा तिला म्हणालो असेन, 'तू लिहून घे गं.' आमच्या प्रयोगशाळेत कुठं 'हात लावू नये' असा कागद नव्हता. तो कागद मीच होतो.

पुढच्या वर्षी मी गट मोडले. उपकरण कमी तर पाळ्या लावल्या, पण प्रत्येकानं आपलं उपकरण आपण लावायचं. तेव्हा दुसरी अडचण पुढं आली. प्रॅक्टिकल संपायचं साडेपाचला आणि काही गावांची शेवटची एस.टी. पाचला. मुली मधेच जर्नल गुंडाळून निघत. आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो की मुलींना प्रयोगात रस नसतो. मुलींची तुकडी सकाळी घेतली, तर रस आपोआप आला. खर्च शून्य. फक्त वेळापत्रकाचा कागद बदलावा लागला.

२०१९ साली हैदराबाद विद्यापीठात भारतीय भौतिकी संघाच्या पुढाकारानं पदार्थविज्ञानातल्या स्त्री-पुरुष समतेवर परिषद झाली. बायका कमी दिसतात याचं कारण त्यांच्या बुद्धीत नाही, समाजाच्या आणि संस्थांच्या रीतीभातींत आहे, अशी तिथली भूमिका होती. ते वाचताना मला आमची पाचची एस.टी. आठवली.

त्या मुलीची आणि माझी काही वर्षांपूर्वी सांगलीच्या स्टँडवर गाठ पडली. मी ओळखलं नाही, तिनंच हाक मारली. बी.एस्सी. नंतर लग्न झालं, शिक्षण तिथंच थांबलं. बरोबर मुलगी होती, अकरावी सायन्सची. मी त्या मुलीला विचारलं, "काय गं, प्रॅक्टिकलला काय काय झालं?" ती आईकडं बघायला लागली. आई म्हणाली, "सर, हिचं नाव कॉलेजात आहे, पण जाते क्लासला. प्रॅक्टिकलची जर्नलं तयार मिळतात." आणि मग जरा थांबून म्हणाली, "मी निदान बघत तरी होते."

मंडळी, मला त्यावर काही बोलता आलं नाही. नळाला हात लावू न देणाऱ्यांशी आपल्या माणसांनी भांडून तो हक्क मिळवला. लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र त्यात गेलं, कमलाबाईंचं एक वर्ष परीक्षेवर गेलं. आणि आता प्रयोगशाळा उघडी असताना आपणच फी भरून मुलांना तिच्यापासून लांब ठेवतो आहोत. यात पहिलं नुकसान गरिबाच्या आणि खेड्यातल्या मुलाचं. शहरातल्या, ऐपतीच्या घरी मूल एखादा संच विकत आणून खेळेल. ज्याच्या घरी काही नाही, त्याला उपकरण दिसण्याची जागा एकच, त्याची शाळा.

साताऱ्याला गेलात तर राजवाड्याजवळच्या त्या शाळेसमोर क्षणभर थांबा. आणि घरी मूल शाळेतून, कॉलेजातून आलं की किती मार्क पडले हे विचारायच्या आधी एवढं विचारा, 'आज कशाला हात लावलास?' उत्तर 'कशालाच नाही' असं आलं, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जा आणि कपाटाची किल्ली कुणाकडं आहे ते विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)